शेजारच्यांची विहीर

"माणसं भली दिसत्यात, पण ह्यांचं हागणं आपल्या विहिरीत उतरणार."

हे वाक्य मी आमच्या वास्तुशांतीच्या पंगतीत ऐकलं. माझ्या हातात मठ्ठ्याचं भांडं होतं आणि बोलणारे आजोबा जिलेबीचा तुकडा मोडत होते. ते शेजारच्या पानावरच्या गावकऱ्याला सांगत होते, पण आवाज खाली आणायची तसदी त्यांनी घेतली नव्हती. मी समोर उभी आहे हे दिसल्यावरही त्यांना काही वाटलं नाही. वाटी पुढे करून म्हणाले, "वाढ पोरी, लाजतीस काय." मी वाढलं. त्यांनी घोट घेतला, तो तोंडात धरून ठेवला, डोळे बारीक केले आणि मग गिळला. "मठ्ठा झकास हाय," ते म्हणाले. "पाणी नळाचं हाय, पण."

गाव त्यांना नाना म्हणायचं. आम्ही घरात 'शेजारचे' म्हणायचो. 'शेजारचे आले होते', 'शेजारच्यांचं पुन्हा सुरू झालं'. हे बाबा ज्या सुरात म्हणायचे, त्या सुरात ते पालीबद्दल बोलायचे.

त्याआधी आम्ही खडकीला फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये राहायचो. तिथे संडासाची साखळी ओढली की पुढचं सरकार बघायचं. बाबा मूळचे शनिवार पेठेतले, दोन खोल्यांत सात माणसांत वाढलेले. चारी बाजूंनी मोकळं असलेलं स्वतःचं घर एवढंच त्यांना आयुष्यात हवं होतं, आणि ते त्यांनी अशा गावात बांधलं जे तेव्हा पुण्यात यायचं होतं. वीज होती, सकाळी तासभर नळ होता. गटार नव्हतं. ज्याच्या त्याच्या अंगणात ज्याची त्याची टाकी, आणि टाकीवर लादी टाकली की तो विषय संपला, असं सगळी कॉलनी मानायची. फक्त नानांना तो विषय संपलेला वाटायचा नाही.

त्यांचं घर आमच्या कुंपणाच्या पलीकडे होतं. पुढे मेथी-कोथिंबिरीचे वाफे, ती भाजी पहाटे टेम्पोने मार्केट यार्डात जायची. आमच्या भिंतीपासून पंधरा-सोळा पावलांवर त्यांची विहीर होती, दगडी बांधकामाची, आत उतरायला पायऱ्या असलेली. त्यांचं घर त्याच विहिरीचं पाणी प्यायचं. नळ घ्यायला त्यांनी साफ नकार दिला होता. नळाचं पाणी कुठून आलं ते कुणाला ठाऊक, त्याला ना आई ना बाप, असं त्यांचं म्हणणं.

माझ्या खोलीची खिडकी विहिरीकडे उघडायची, म्हणून त्यांची सकाळ मला पाठ झाली होती. सूर्य वर यायच्या आत ते पायऱ्या उतरून जायचे, ओंजळीने पाणी घ्यायचे आणि वर येऊन, गाल फुगवून, आभाळाकडे तोंड करून उभे राहायचे. पुष्कळ वेळ. मग गिळायचे आणि गोठ्याकडे तोंड करून निकाल सांगायचे. "आज जरा जड हाय." "आज गोड हाय, वरल्या अंगाला पाऊस झालाय." एकदा नुसतंच म्हणाले, "आज रागावल्यालं हाय," आणि दिवसभर ते कुणालाही विहिरीत बादली घालू देईनात. घरातल्या सुनांनी वैतागून आमच्याकडून दोन कळशा नेल्या. त्या कळशांतलं पाणी नाना प्यायले नाहीत, ते वेगळं सांगायला नको.

दुसरी सवय जास्त चमत्कारिक होती. लोखंडी पहार आणि तांब्या घेऊन ते मोकळ्या प्लॉटांतून हिंडायचे. एखाद्या जागी पहारीने हातभर खोल भोक पाडायचे, त्यात तांब्याभर पाणी ओतायचे आणि शेजारी उकिडवे बसून राहायचे. शेजारी तांब्या ठेवून उकिडवा बसलेला म्हातारा पाहून कॉलनीतल्या बायका खिडक्या लावून घ्यायच्या. आईनेही एकदा बाबांना सांगितलं, की त्यांना काहीतरी बोला, मुलगी मोठी आहे घरात. मला मात्र एव्हाना कळलं होतं, की ते पाणी मुरायला किती वेळ लागतो ते बघतात. मी आईला ते सांगितलं नाही. मी तेव्हा अकरावीत होते आणि घरात फारसं काही सांगत नसे. इंग्रजी शाळेत बारा वर्षं काढलेली मुलगी गावातल्या लोकांशी बोलायला लागली की कुठल्यातरी शब्दावर अडायची, आणि लोक हसायचे. त्यापेक्षा गप्प बसणं सोपं होतं.

नानांना माझं गप्प बसणं आवडायचं. मी कुंपणाजवळ कपडे वाळत घालत असताना ते पलीकडून बोलत राहायचे आणि मी ऐकायची. "ह्या जमिनीला वरनं बघू नगं," ते म्हणाले होते. "वरनं सपाट दिसतीया. खाली मुरूम हाय आनि मुरमाखाली खडक. त्यो खडक तुमच्याकडनं आमच्याकडं झुकल्याला हाय, ताट कलतं करावं तसा. वर काय बी सांडा, खालनं हिकडंच येणार." हे त्यांना विहीर खणताना कळलं होतं. ते तेव्हा माझ्याच वयाचे होते आणि सुरुंगाची भोकं पाडत होते.

ते काही प्रेमळ म्हातारे नव्हते, हेही सांगायला हवं. बायकोवर ते विनाकारण ओरडायचे. विहिरीत फक्त घरची बादली जायची, बाहेरच्या माणसाने स्वतःचं भांडं घालायचं नाही, हा त्यांचा नियम स्वच्छतेसाठी आहे असं ते म्हणायचे. पण हा नियम कुणासाठी कडक आणि कुणासाठी सैल, ते गावाला माहीत होतं. आमच्या बांधकामावरच्या बायांना ते वरून धार धरून पाणी पाजायचे. पाणी भरपूर पाजायचे, पण वरून.

टाकीचं सांगते. आमच्या घराचा नकाशा बाबांनी पेठेतल्या एका वास्तुतज्ज्ञांकडून तपासून आणला होता. देवघर ईशान्येला, स्वयंपाकघर आग्नेयेला, संडास आणि त्याची टाकी वायव्येला. वायव्येला कुंपण, आणि कुंपणापलीकडे नानांची विहीर. खड्डा खणायला सुरुवात झाली त्या दिवशी नाना पहार घेऊन येऊन उभे राहिले आणि म्हणाले, की टाकी पार त्या टोकाला, आग्नेयेच्या कोपऱ्यात घ्या. तिथून खालपर्यंत येईतो माती त्याला धुऊन काढील.

बाबा म्हणाले, "आग्नेयेला अग्नी असतो, नाना. आमच्याकडे अजून संडासाची पूजा सुरू झालेली नाही."

हा संवाद बाबा पुढे कित्येक पाहुण्यांना ऐकवायचे.

गवंड्याचंही वेगळंच शास्त्र होतं. कॉलनीतल्या सगळ्या टाक्या त्यानेच बांधल्या होत्या, आणि एकाही टाकीला त्याने तळ केला नव्हता. चार भिंती बांधायच्या आणि खाली मुरूम उघडा सोडायचा. म्हणजे पाणी जिरतं, टाकी कधी भरत नाही, उपसायची गाडी कधी बोलवावी लागत नाही. सगळे त्याच्यावर खूश होते. बाबा तर आल्यागेल्याला टाकीवरची लादी दाखवायचे, की बघा, अजून एकदाही उघडली नाही. नानांनी हे कुंपणापलीकडून ऐकलं आणि विचारलं, "भरंल कशी? तळ कुठं हाय तिला?" बाबांनी त्यांना विचारलं, की आपण इंजिनियरिंग कुठल्या कॉलेजातून केलंत.

पहिला पावसाळा गेला. नंतरच्या हिवाळ्यात नाना सकाळी घोट घेतल्यावर काही बोलेनासे झाले. नुसते उभे राहायचे. एकदा त्यांनी तो घोट वाफ्यात थुंकला. त्यानंतर ते चार वेळा आमच्याकडे आले. दर वेळी टोपी काढून, पायरीवर बसून, एकच सांगायचे, की टाकी हलवा, नाहीतर निदान तिला तळ करा, विहीर नासतीय. त्या विहिरीत त्यांच्या वडिलांचा एक हात गेला होता, सुरुंगात. हे त्यांनी एकदाच सांगितलं, तेही आईने चहा आणल्यावर, जणू चहाच्या बदल्यात. बाबा म्हणाले, पाण्याला वास येतो याचा पुरावा द्या. नाना म्हणाले, वास न्हाई, चव. बाबांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "चवीवर कोर्ट चालत नाही हो."

चैत्रात विहीर गुडघ्याएवढ्या पाण्यावर आली होती. एका दुपारी आई आजीकडे पेठेत गेली होती, बाबा ड्यूटीवर. नाना मागच्या दाराशी आले. त्यांच्या खांद्यावर लहानसं बारदान होतं. आत खडे मीठ होतं, दहाएक किलो. ते त्यांनी धुण्याच्या दगडावर ठेवलं.

"तुला शाळंत रसायन शिकवत्यात न्हवं? मग हे कर. बादलीत इरघळव आनि संडासात ओत. तीन दिवस, थोडं थोडं. कुणाला सांगू नगं. माझ्या तोंडात खारं आलं, तर तुज्या बापाला पुरावा मिळंल."

मी विचारलं, "तुम्हीच का नाही ओतत?" मी त्यांच्याशी बोललेलं बहुधा सगळ्यात लांब वाक्य.

"माझा हात तुमच्या संडासापतोर पोचत न्हाई," ते म्हणाले आणि निघून गेले.

मी ओतलं. त्यांची दया आली म्हणून नाही. मला नाही म्हणणं जमत नसे हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे मला बघायचं होतं. दहा किलो मीठ विरघळवायला किती बादल्या लागतात ते मला माहीत नव्हतं. पुष्कळ लागतात. हाताची कातडी चुरचुरते. तिसऱ्या दिवशी बाबा लवकर आले. मी संडास पाण्याने धुतला होता, पण घाईत कोपऱ्यातले खडे राहून गेले, आणि रिकामं बारदान पाण्याच्या पिंपामागे कोंबलेलं होतं. बाबा आत गेले, बाहेर आले. पिंपामागे वाकून त्यांनी बारदान काढलं, उलटं करून झटकलं. जमिनीवर चार खडे पडले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग स्वतः केरसुणी घेतली. आमच्या घरात बाबांनी केरसुणी हातात घेतलेली मी त्याआधी आणि त्यानंतर कधी पाहिली नाही. त्यांनी कोपरा झाडला, पाणी टाकलं, बारदान चुलाण्यात घातलं.

"पाय घसरेल कुणाचातरी," ते म्हणाले.

नवव्या दिवशी, रविवारी सकाळी, नानांनी माणसं बोलावली. ग्रामपंचायतीचे एक सदस्य, तो गवंडी, कॉलनीतले दोघे-तिघे, नानांचा थोरला मुलगा, आणि बाबा. मला बोलावलेलं नव्हतं, पण नाना खिडकीखाली येऊन म्हणाले, "चल पोरी." मी गेले.

सगळ्यांनी ओंजळीने पाणी चाखलं. खारट होतं. याबद्दल कुणाचंच दुमत नव्हतं. गवंड्याने दोनदा चाखलं आणि तो विहिरीच्या बांधकामाकडे बघत बसला. नाना ओरडले नाहीत. त्यांनी शांतपणे सांगितलं, की मीठ आमच्या संडासात टाकलेलं होतं, ते नऊ दिवसांत इथे आलं, जसं मीठ आलं तसंच बाकीचंही येतं. मग माझ्याकडे बोट केलं. "ह्या पोरीनं टाकलंय. तिला इचारा. ती खोटं बोलायची न्हाई."

बाबा माझ्याकडे वळले. त्यांनी मला इंग्रजीत विचारलं. घरात आम्ही मराठीच बोलायचो. इंग्रजी त्यांनी काढलं ते गावकऱ्यांना कळू नये म्हणून, आणि मला आमची बाजू कुठली ते कळावं म्हणून. प्रश्नात उत्तर होतंच, की तू असला मूर्खपणा केलेला नाहीस. मला फक्त नकारार्थी मान हलवायची होती.

मी हलवली. मान हलवलेली कळायला कुणाला इंग्रजी लागत नाही.

"नाना," बाबा मराठीत म्हणाले, "विहीर आपली, मीठ आपलं, आणि नाव मात्र माझ्या मुलीचं. वा." सदस्य हसले. मग सगळेच हसले, सुटल्यासारखे. कारण प्रत्येकाच्या अंगणात एक टाकी होती आणि कुठल्याच टाकीला तळ नव्हता.

नानांनी वाद घातला नाही. मी खोटं बोलते असंही म्हणाले नाहीत. थोरल्या मुलाने त्यांच्या कोपराला धरलं आणि त्यांना घराकडे नेलं. त्या मुलाला जमीन एका बिल्डरला द्यायची होती, ही गोष्ट गावात कुणापासून लपलेली नव्हती, आणि विहिरीला पाणी असेतो म्हातारा सही करणार नव्हता.

दुसऱ्या दिवसापासून नाना आमच्या खिडकीकडे पाठ करून घोट घ्यायला लागले. ते माझ्याशी पुन्हा बोलले नाहीत. मी कपडे वाळत घालायला निघाले की पलीकडून मेथी खुरपल्याचा आवाज यायचा आणि कुंपणाजवळ पोचले की थांबायचा.

पाणी मात्र ते पीतच राहिले. हे मला आजही नीट कळलेलं नाही. सगळ्यांना ते नासलंय म्हणून सांगणारा माणूस तेच पाणी पीत होता आणि घरच्यांनाही पाजत होता. हट्ट म्हणावा, की नळ घेतला असता तर आपणच हरलो असं झालं असतं म्हणून, की आणखी काही. त्या पावसाळ्यात त्यांच्या बायकोला कावीळ झाली. आईने दोनदा मुगाची खिचडी पाठवली. बाबा जेवताना म्हणाले, की कावीळ कुठल्या पाण्याने झाली हे कुणी सांगू शकत नाही. बरोबर होतं ते. सांगू शकतील अशी त्या ताटांवर दोघंच होती, आणि त्यांतली एक आमटी वाढून घेत होती. शेजारच्या आजी त्यातून उठल्या, पण पुन्हा वाफ्यात उतरल्या नाहीत. वर्षभरात गेल्या.

मग नानांनी सही केली. विहीर बुजवायला दोन दिवसही लागले नाहीत. डंपरने राडारोडा आणला, जेसीबीने ढकलला. तिथे आता पाच मजली इमारत आहे आणि तिच्या वाहनतळात दर पावसाळ्यात पाणी साचतं. नानांना तिसऱ्या मजल्यावर मुलाच्या फ्लॅटमध्ये एक खोली मिळाली. त्यांची सून आईला सांगायची, की रोज सकाळी ग्लासातल्या टँकरच्या पाण्याचा घोट तोंडात धरून गॅलरीत उभे राहतात आणि मग बेसिनमध्ये थुंकतात, बेसिन घासून घासून हात दुखले. ते गेले तेव्हा मी बंगलोरला नोकरीत होते. आईने फोनवर हवापाण्याच्या गप्पांत सांगितलं.

गाव महापालिकेत आल्यावर कित्येक वर्षांनी आमच्या रस्त्यावर ड्रेनेजची लाइन आली. मी त्या आठवड्यात सुट्टीवर होते. जुन्या टाक्या बंद करायचं काम चालू होतं. आमच्या टाकीची लादी पहिल्यांदाच उघडली. उपसायच्या गाडीवरच्या माणसाने आत बांबू सोडला, हलवून पाहिला आणि म्हणाला, "साहेब, हिला तळच न्हाई." कॉलनीतले सगळे हसले. त्या हसण्यात कौतुक होतं. संध्याकाळी आमच्या व्हरांड्यात चहा होता. दहा-बारा माणसं होती, नानांचा थोरला मुलगाही होता. तो आता सोसायटीचा चेअरमन आहे, मी त्याला दादा म्हणते.

बाबांनी गोष्ट सुरू केली. मला ती पाठ होती. आग्नेयेला अग्नी असतो, इथे हसायचं. चवीवर कोर्ट चालत नाही, इथे हसायचं. दर वर्षी तिच्यात थोडी भर पडलेली होती. आता तिच्यात नाना स्वतः खांद्यावर मिठाचं पोतं घेऊन विहिरीच्या पायऱ्या उतरताना बाबांना दिसले होते. लोक हसले. दादाही हसला. बशीत कप ठेवून म्हणाला, की शेवटी शेवटी डोक्यावर परिणामच झाला होता त्यांच्या, काय करणार. मग हसणं ओसरल्यावर, जरा हळू आवाजात, म्हणाला, की आईला त्यांनीच घालवली, ते पाणी पाजून. त्यांना आपण कधी माफ केलं नाही.

आई बिस्किटांची थाळी घेऊन उभी होती. बाबा सहानुभूतीने मान हलवत होते. ती मान मी बघितली.

"दादा," मी म्हणाले, "मीठ मी टाकलं होतं. आमच्या संडासात, तीन दिवस. नानांनी सांगितलं ते सगळं खरं होतं. आणि बाबांना ते विहिरीवर यायच्या आधीपासून माहीत होतं."